युनिटामागचं काम

बोईसरमधला एक एमएस-सीआयटीचा क्लास टाळेबंदीनंतर पुन्हा उघडलाच नाही. मुलं मोबाइलवर गेली, गाळ्याचं भाडं मात्र चालू राहिलं. शेवटी चालकांनी टेबलं, पंखे आणि कॉम्प्युटर विकायला काढले. मी तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. त्या क्लासचं एखादं मशीन बंद पडलं की ड्युटी सुटल्यावर, उमरोळीची गाडी पकडायच्या आधी, मीच बघून द्यायचो. त्यामुळे भंगारवाल्याच्या आधी त्यांनी मला विचारलं. भंगारवाला किलोवर भाव करत होता. मी त्याच्यापेक्षा थोडे जास्त दिले, सगळी मशिनं टेम्पोत घातली आणि घरी आणून मागच्या पडवीत मांडली. तिथं पूर्वी भाताची कणगी असायची.

बहुतेक मशिनं एकाच जातीची होती: जी ४१ चिपसेटचा मदरबोर्ड, एलजीए ७७५ सॉकेट, त्यात पेंटियम ड्युअल कोअर ई ५३०० आणि २ जीबी रॅम. थोडी त्यानंतरची होती, एच ६१ बोर्ड आणि पेंटियम जी ६२० असलेली. वर्ड, एक्सेल आणि टायपिंग शिकवायला ती पुरेशी होती. आज त्यावर नवी विंडोज टाकली तर माउस हलेपर्यंत वाट पाहावी लागेल. पण मला ती वेगळ्या कामाला हवी होती.

कॉलेजात असल्यापासून मी माझ्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ शास्त्रीय संशोधनाला देत आलो आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठानं १७ मे १९९९ रोजी ‘सेटी ॲट होम’ सुरू केलं. अरेसिबोच्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणीनं टिपलेल्या नोंदींचे तुकडे ते जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरना वाटत आणि परग्रहावरच्या एखाद्या संदेशाची खूण त्यात दिसते का, ते तपासायला सांगत. एक तुकडा साधारण साडेतीनशे केबीचा. पालघरला एका मित्राच्या घरी डायल-अप जोडायचं, तुकडा उतरवून घ्यायचा, फोन लगेच तोडायचा, कारण मिनिटांचं बिल लागायचं. मग कॉम्प्युटर रात्रभर, कधी दुसऱ्या दिवशीही, आकडेमोड करत राहायचा. काम संपलं की पुन्हा फोन जोडून उत्तर पाठवायचं. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी या प्रकल्पात भाग घेतला. ३१ मार्च २०२० रोजी बर्कलीनं नवं काम वाटणं थांबवलं.

तोवर मी बॉइंक या सॉफ्टवेअरवर आलो होतो. बर्कलीतल्याच डेव्हिड अँडरसन यांनी ते उभं केलं. ते एकदा बसवलं की हवे ते प्रकल्प निवडता येतात. प्रथिनांचे आकार शोधणारा ‘रोझेटा ॲट होम’ त्यावरच चालतो. त्यामागच्या प्रयोगशाळेचे डेव्हिड बेकर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा मी घरी पेढे आणले होते. माझा मुख्य प्रकल्प मात्र ‘आइन्स्टाइन ॲट होम’. अमेरिकेतलं मिलवॉकीचं विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि जर्मनीत हॅनोवरची माक्स प्लांक संस्था यांनी २००५ मध्ये तो सुरू केला.

मशिनं चालू झाल्यावर बाबा एकदा पडवीत येऊन उभे राहिले. पंख्यांचा आवाज ऐकून म्हणाले, “अरे, रात्रभर दळतंय काय हे?”

“आकाशातल्या नोंदी आहेत बाबा. शास्त्रज्ञांनी पाठवलेल्या.”

“आणि पीठ कोणाच्या घरी जातं?”

प्रश्न अगदी नेमका होता. मी त्यांना स्टूल दिलं आणि नीट सांगितलं. मोठा तारा संपतो तेव्हा कधी कधी त्याचा गाभा शहराएवढ्या गोळ्यात दाबला जातो. तो न्यूट्रॉन तारा. तो स्वतःभोवती प्रचंड वेगानं फिरतो आणि प्रत्येक फेरीत त्याच्या किरणांचा झोत आपल्यावरून गेला तर आपल्याला ठोके ऐकू येतात; अशा ताऱ्याला पल्सार म्हणतात. हे ठोके गोंगाटात बुडालेले असतात. ताऱ्याचा वेग किती, तो दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरतो का, त्याचं अंतर किती, यातलं काहीच आधी माहीत नसतं. म्हणून प्रत्येक शक्यता एकेक करून ताडून बघावी लागते. शक्यता इतक्या असतात की एका महासंगणकालाही त्या झेपत नाहीत. मग त्यांचे तुकडे होतात आणि ते आपल्यासारख्यांना येतात. एकच तुकडा दोन वेगवेगळ्या घरांतल्या मशिनांना जातो. दोघांची उत्तरं जुळली तरच ती धरतात, नाही जुळली तर तिसऱ्याला विचारतात. म्हणजे उमरोळीच्या मशिनचं उत्तर फिनलंडमधल्या किंवा ब्राझीलमधल्या कोणाच्या तरी मशिनशी ताडून बघितलं जातं.

“मग सापडलं का काही?” बाबांनी विचारलं.

सापडलं होतं. २०१० मध्ये अरेसिबोच्या नोंदींमधून एक नवा पल्सार मिळाला, सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणारा. तो ज्या मशिनांनी ओळखला, त्यांतलं एक अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स गावातल्या कॉल्व्हिन दांपत्याचं होतं आणि दुसरं जर्मनीतल्या माइन्त्स शहरातल्या डॅनिएल गेबहार्ट यांचं. ‘सायन्स’ या नियतकालिकात शोध छापला, त्यात या तिघांचीही नावं आली. त्यानंतर रेडिओ आणि गॅमा किरणांच्या नोंदींतून या प्रकल्पानं आणखी कितीतरी पल्सार शोधले. ज्या कामासाठी प्रकल्प मुळात सुरू झाला, ते अजून साधलेलं नाही: फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यातून सतत निघणाऱ्या क्षीण गुरुत्वीय लहरी पकडणं. दोन कृष्णविवरांच्या टकरीची लहर १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोच्या वेधशाळांनी पकडली. ती क्षणात आली आणि गेली. सतत चालणारी लहर त्याहून फार मंद असते. महिनोन्‌महिने साठवलेल्या नोंदी गाळल्याशिवाय ती दिसणार नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगोची भारतीय वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या नोंदी येऊ लागतील तेव्हा आमच्या पडवीतही त्यांचा वाटा यावा, ही माझी मनापासून इच्छा आहे.

पुष्कळ छोटे प्रोसेसर जोडून मोठं काम करायचं, हे महाराष्ट्राला नवीन नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. त्याच्या पोटात एक बलाढ्य प्रोसेसर नव्हता, ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची फौज होती. आम्ही करतो ते त्याच जातीचं काम आहे. फरक एवढाच की आमची फौज जगभर विखुरलेली आहे आणि प्रत्येक शिपाई आपल्या विजेचं बिल स्वतः भरतो.

या बिलापाशीच प्रोसेसर बदलण्याचा विचार सुरू होतो. ई ५३०० दोन कोअरचा, २.६ गिगाहर्ट्‌झचा, पोटात फक्त २ एमबी कॅश. तो कष्टाळू आहे, पण प्रत्येक कामाला मुदत असते, साधारण दोन आठवड्यांची, आणि मधे वीज गेली की त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. मी प्लगमध्ये लावायचं एक छोटं वॉटमीटर घेतलं. पूर्ण ताणाखाली ते मशीन ८० वॉटच्या आसपास वीज खात होतं. त्यातली बरीचशी बोर्ड, हार्ड डिस्क, पंखे आणि एसएमपीएसच्या गळतीत जात होती. हा खर्च प्रोसेसर कुठलाही असला तरी होणारच. मग त्याच बोर्डावर, त्याच पंख्याखाली जास्त काम करणारा प्रोसेसर बसवला, तर प्रत्येक युनिटामागे जास्त आकाश तपासून होईल. हा हिशेब मला पटला आणि पुढची सगळी धडपड त्यातून झाली.

जी ४१ बोर्डावर कोअर २ क्वाड चालतो. क्यू ९५५० हा त्या घराण्यातला चांगला: चार कोअर, २.८३ गिगाहर्ट्‌झ, १२ एमबी कॅश, ९५ वॉट. पण चिपसेटला चालतो म्हणजे बोर्डाला चालतोच असं नाही. बोर्ड बनवणारी कंपनी प्रत्येक मॉडेलसाठी प्रोसेसरांची यादी देते आणि प्रत्येक नावापुढे बायोसची कुठली आवृत्ती लागेल ते लिहिते. काही स्वस्त बोर्डांच्या यादीत ९५ वॉटचे प्रोसेसर नसतातच, कारण प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग ६५ वॉट धरून बनवलेला असतो. ज्या बोर्डांच्या यादीत क्यू ९५५० नव्हता, ते मी या कामातून सरळ वगळले. याबाबतीत धाडस करणाऱ्यांचं मला कौतुक नाही. चोवीस तास पूर्ण ताणाखाली चालणारं मशीन आणि अधूनमधून गेम खेळायचं मशीन यांत फार अंतर आहे. प्रयोग करायचा असेल तर दुसऱ्या प्रकारच्या मशिनवर करावा.

माल आणायला मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आल्यापासून आम्हाला हे सोपं झालंय. उमरोळीहून विरार, तिथं गाडी बदलून ग्रँट रोड. रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांत नवा माल असतो. जुना प्रोसेसर हवा तर आतल्या बोळांत, जिन्याखालच्या काउंटरवर विचारावं लागतं. तिथं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये प्रोसेसर आडवे ठेवलेले असतात. मी प्रत्येकाच्या खालची सोनेरी ठिपक्यांची बाजू भिंगातून बघितली, ओरखडा असलेला बाजूला काढला. रॅमही घ्यायची होती, कारण चार कोअर म्हणजे एकाच वेळी चार कामं, आणि दर कामाला काहीशे एमबी लागतात. २ जीबीत ते मावत नाही. दुकानदारानं बोर्ड विचारला आणि माझ्या हातातली कांडी काढून घेतली.

“जी इकतालीस के लिए ना? सोला चिपवाली लेना. आठवाली उठेगी नहीं.”

अगदी बरोबर. हा चिपसेट जुना आहे. ४ जीबीची नवी कांडी आठच दाट चिपांत तेवढी मेमरी भरते, आणि इतकी दाट चिप त्याला ओळखता येत नाही. दोन्ही बाजूंना मिळून सोळा चिपा असलेली जुन्या पद्धतीची कांडी लागते. ही माहिती त्या माणसाकडे वर्षानुवर्षांच्या परत आलेल्या मालातून जमली होती आणि त्यानं ती न विचारता दिली.

त्याच काउंटरवर सर्व्हरमधले झिऑन ई ५४५० ढिगानं होते. हे एलजीए ७७१ सॉकेटचे. परदेशातल्या डेटा सेंटरमधून मोडीत निघतात, म्हणून स्वस्त. एलजीए ७७५ मध्ये ते बसवायचे तर खालच्या दोन ठिपक्यांची अदलाबदल करणारा बारीक स्टिकर लावावा लागतो, खाचा वेगळ्या जागी असल्यानं सॉकेटच्या कडेचं प्लास्टिक ब्लेडनं थोडं तासावं लागतं, आणि बायोसला हा प्रोसेसर ओळखता यावा लागतो. तीन गिगाहर्ट्‌झ, १२ एमबी कॅश आणि वीज ८० वॉट, म्हणजे क्यू ९५५० पेक्षा कमी. मी एक घेतला. तो नीट चाललाही. तरीही नवशिक्याला मी तो सुचवणार नाही. सॉकेटचं प्लास्टिक तासताना ब्लेड निसटलं तर आतल्या केसासारख्या तारा वाकतात आणि बोर्ड कायमचा गेला म्हणून समजायचं.

प्रोसेसर बदलण्याचं काम मी सुट्टीच्या दिवशी सकाळी, उजेडात करतो. कॅबिनेटचं झाकण काढलं तेव्हा आत एमआयडीसीचा सगळा पत्ता होता: कापड गिरण्यांतली सुताची तुसं, रस्त्यावरची धूळ, आणि त्या दोघांना धरून ठेवणारा एक तेलकट थर. हीटसिंकच्या पात्यांमध्ये तर नमदाच तयार झाला होता. कारखान्यात पॅनेल साफ करायला वापरतो तसा ब्लोअर वापरला, पण पंखा बोटानं धरून. जोराच्या हवेनं तो अतिवेगानं फिरला तर बेअरिंग जाऊ शकतं. समुद्र इथून लांब नाही. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की रॅमच्या सोनेरी पट्टीवर काळपट थर धरतो आणि कॉम्प्युटर नुसता बीप देत बसतो. खोडरबरानं पट्टी घासली की बऱ्याचदा तो पुन्हा चालू होतो.

मग हीटसिंक. या सॉकेटवर तो चार कोपऱ्यांतल्या प्लास्टिकच्या खुंट्यांनी बसतो. प्रत्येक खुंटी बाणाच्या दिशेनं फिरवली की सुटते. जुनी थर्मल पेस्ट वाळून खडी झालेली होती, प्रोसेसर आणि हीटसिंक एकमेकांना चिकटले होते. ओढायचं नाही. आधी मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचं, मग बंद करून, वायर काढून, हीटसिंक हळूच डावीउजवीकडे फिरवायचा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं दोन्ही पृष्ठभाग आरशासारखे होईपर्यंत पुसले. लिव्हर दाबून बाहेर सरकवला, धातूची चौकट उचलली, जुना प्रोसेसर कडेनं धरून सरळ वर काढला. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटलाच असतात, आणि तिथं बोट लागता कामा नये. नव्याच्या दोन खाचा सॉकेटच्या दोन उंचवट्यांशी जुळवून तो अलगद ठेवला. तो आपल्या वजनानं बसतो, दाबावा लागत नाही. मधोमध थोडीशीच पेस्ट, आणि हीटसिंक.

इथं हीटसिंकही बदलायला हवा. ई ५३०० बरोबर आलेला बुटका, निव्वळ ॲल्युमिनियमचा होता. क्वाड प्रोसेसरांना उंच आणि मधे तांब्याचा गाभा असलेला लागतो. लोक प्रोसेसर बदलतात, जुनाच हीटसिंक ठेवतात आणि मग मशीन मधेच बंद पडतं म्हणून तक्रार करतात. एसएमपीएसचंही तेच. क्लासच्या कॅबिनेटवर ४५० वॉट छापलेलं होतं, पण उचलून बघितला तर हाताला वजनच लागत नव्हतं. चांगल्या एसएमपीएसमध्ये ट्रान्सफॉर्मर आणि कॅपॅसिटर भरीव असतात, तो जड लागतो. मी बऱ्या कंपनीचे जुने एसएमपीएस शोधून बसवले. खर्चात प्रोसेसरपेक्षा तेच वरचढ ठरले.

लिनक्स टाकलं, बॉइंक चालू केलं, चार कामं एकदम सुरू झाली. मीटर १३० वॉटपर्यंत चढला. वीज दीडपटीहून थोडी जास्त लागत होती आणि काम दुपटीहून थोडं जास्त होत होतं. मी याहून अधिकाची अपेक्षा धरली नव्हती, कारण कोअर २ क्वाड हा खरा एकसंध चार कोअरचा प्रोसेसर नाही. दोन-दोन कोअरचे दोन तुकडे एका पाटीवर बसवलेले असतात आणि मेमरीकडे जायला दोघांना एकच वाट, फ्रंट साइड बस. चारही कामं मोठ्या मेमरीची असली की त्या वाटेवर गर्दी होते. तीन कामं चालवली आणि चौथा कोअर मोकळा ठेवला तर प्रत्येक काम लवकर संपतं. प्रकल्पागणिक हे बदलतं, मोजूनच ठरवावं लागतं.

मग मे महिना आला. पालघर-बोईसर पट्ट्यात पारा फार वर जात नाही, पण दमटपणा असा की पडवीतली हवा हलतच नाही. कोअरची तापमानं चढत गेली. मी घड्याळाच्या वेगाला हात लावला नाही, बॉइंकमध्ये प्रोसेसरच्या वेळेची टक्केवारी उतरवली आणि दुपारचे तास बंद ठेवले. तरी एका बोर्डावर प्रोसेसरच्या बाजूचे दोन कॅपॅसिटर वरून फुगले. हातात सोल्डरिंगची सवय आहे, त्यामुळे ते बदलले. पावसाळ्यात वीज गेली की सगळं थांबतं, पण कामं दर थोड्या वेळानं आपली स्थिती डिस्कवर लिहून ठेवतात. वीज आली की तिथूनच पुढे चालतात. यूपीएस मी फक्त राउटरला ठेवला आहे.

एच ६१ च्या मशिनांनी खरा फरक दाखवला. पेंटियम जी ६२० काढून तिथं आय ७ ३७७० बसवता येतो: चार कोअर, आठ थ्रेड, ७७ वॉट. तो पुढच्या पिढीचा असल्यानं आधी जुना पेंटियम तसाच ठेवून बायोस नवा करायचा आणि मगच प्रोसेसर बदलायचा. क्रम उलटा झाला तर पडदा काळाच राहतो. आणि इथं एव्हीएक्स मिळतं. २०११ पासूनच्या इंटेलच्या प्रोसेसरांत एका झटक्यात दुप्पट दशांश आकडे हाताळणाऱ्या सूचना आल्या, पण त्या काळच्या पेंटियम आणि सेलेरॉनमध्ये कंपनीनं त्या बंद ठेवल्या होत्या. म्हणजे सॉकेट तोच, बोर्ड तोच, पिढीही जवळपास तीच, आणि तरी जी ६२० ला ज्या वाटेनं जाता येत नव्हतं ती आय ७ ला मोकळी. मीटरवर आकडा क्यू ९५५० च्या मशिनपेक्षा कमी आला, १०० वॉटच्या जरा वर, आणि काम त्याच्या जवळपास दुप्पट.

एव्हीएक्सचा सगळ्यात मोठा फायदा मूळसंख्यांच्या शोधात होतो. तिथं लाखो अंकी संख्यांचे गुणाकार करावे लागतात, आणि ते प्रोसेसरच्या कॅशमध्ये मावले तर वेग एकदम वाढतो. म्हणून एक आय ७ मी मूळसंख्या शोधणाऱ्या ‘प्राइमग्रिड’ला दिला, आणि हे मी एका माणसासाठी केलं. आमच्या लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर, डहाणूला, १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर जन्मले. देवळालीच्या शाळेत त्यांनी १९३० ते १९६२ अशी शिक्षकी केली आणि उरलेला वेळ कागद-पेन्सिल घेऊन संख्यांना दिला. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि मग तिथून हलत नाही. हे त्यांनी यंत्राशिवाय हेरलं. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगाला ते कळले. आमच्याच जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांना आजही ते ठाऊक नाहीत, आणि याचं मला वाईट वाटतं. त्या मशिनच्या कॅबिनेटवर मी मार्करनं ६१७४ लिहिलं आहे. गल्लीतलं कोणी विचारलं की हा वजाबाकीचा खेळ करून दाखवतो.

आता बाबांच्या पिठाच्या प्रश्नाची दुसरी बाजू, खर्चाची. १३० वॉटचं मशीन अखंड चाललं तर महिन्याला सुमारे ९४ युनिटं जळतात. घरगुती बिलात शंभर युनिटांपुढे दराचा टप्पा बदलतो, म्हणजे असं एकच मशीन सगळ्या घराला वरच्या टप्प्यात नेतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली तेव्हा तीन किलोवॉटचे सौर पॅनेल छतावर बसवले. लोक म्हणाले, आता तुझी मशिनं फुकट चालणार. तसं होत नाही. दुपारी तयार झालेलं युनिट मशिनला दिलं नाही तर ते नेट मीटरमधून ग्रिडला जातं आणि खात्यात जमा होतं. मशिनला दिलं तर तेवढं जमा होत नाही. किंमत दोन्हीकडे मोजावीच लागते. आणि बाहेरच्या जगात ग्राफिक कार्डांनी कधीच मजल मारली आहे. मर्सेन मूळसंख्यांच्या जागतिक शोधात २८ वर्षं साध्या पीसींनीच बाजी मारली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली ४,१०,२४,३२० अंकांची मूळसंख्या ग्राफिक प्रोसेसरांनी शोधली. हे समोर ठेवून मी म्हणतो, जुन्या मशिनचा प्रोसेसर बदलणं एका पायरीपर्यंतच रास्त आहे. ती पायरी कुठली, हे मीटर सांगतो.

मीटरनं कोअर २ क्वाडविरुद्ध निकाल दिला, आणि मी तो मानला. क्यू ९५५० ची मशिनं मी या कामातून काढली. त्यांचा जीव संपलेला नाही. चार कोअर, ४ जीबी रॅम आणि एक स्वस्त एसएसडी एवढ्यावर लिनक्स, मराठी टायपिंग, पायथन असं सगळं चालतं. गावातल्या नववी-दहावीच्या मुलांना ती दिली, अट एकच घातली की झाकण उघडून आत काय आहे ते आधी माझ्यासमोर ओळखून दाखवायचं. दोन मुली इतक्या तयार झाल्या की पेस्ट बदलायला आता मला हाक मारत नाहीत. बॉइंक त्यांच्या मशिनवर मी टाकलं नाही. त्यांच्या घरच्या बिलावर माझी हौस नको.

आय ७ ची मशिनं चालू आहेत, पूर्ण ताणानं नोव्हेंबर ते फेब्रुवारी, बाकीच्या दिवसांत रात्री. आइन्स्टाइनची कामं मुदतीत जातात, उत्तरं जुळतात.

परवा बोईसरच्या एका दुरुस्तीवाल्या मित्राचा फोन आला. एका बँकेच्या शाखेतली एच ८१ बोर्डाची मशिनं निघाली आहेत म्हणाला, पेंटियम जी ३२२० वाली, दादा, तुम्हाला हवीत का? एच ८१ वर आय ७ ४७७० बसतो, ८४ वॉट, आणि त्यात एव्हीएक्स २ आहे. आइन्स्टाइनचं आणि मूळसंख्यांचं, दोन्ही काम त्यानं आणखी हलकं होईल. रविवारी मीटर बरोबर घेऊन जाणार आहे. आधी पेंटियमवरच मशीन चालू करून बायोसची आवृत्ती बघायची, कॅपॅसिटर बघायचे, एसएमपीएस हातात घेऊन बघायचा. सगळं ठीक असेल तर दोन घ्यायची, आणि जागा करायला पडवीतलं ई ५४५० वालं मशीन त्या दोन मुलींपैकी धाकटीला.